मागच्या सीटवरचे मामा

गाडी करून कुठं जायचं ठरलं, की आमच्या जालन्याकडच्या घरांत आधी माणसं मोजतात. मोजता मोजता एखादी आत्या रुसते. एखादे काका "मी आपला घरीच बरा" म्हणत सगळ्यांच्या आधी पँट इस्त्रीला टाकतात. शेवटी सातच्या गाडीत सहा माणसं, म्हणजे उलट एक जागा उरते, असं ठरून बैठक उठायला लागते. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं, की यात लेकरं धरलेलीच नाहीत. लेकरं चार. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "मामांना सांगितलं का?"

मामांना विचारायची पद्धत नाही, सांगायची आहे. सांगितलं, की पहाटे साडेपाचला मामा कोपऱ्यावर उभे. हातात कापडी पिशवी, कानाला मफलर (मे महिन्यातसुद्धा) आणि खिशात लिंबू. गाडी थांबली, की कुणाला काही न विचारता ते मागं शिरतात, बॅगा एका अंगाला सारतात आणि त्या तिसऱ्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसतात. मग हाक मारतात, "या रे." चारही लेकरं आईबापाकडं न बघता मागं घुसतात. पुढची माणसं सैल होतात आणि प्लॉटचे भाव, सोयाबीनचा भाव आणि कुणाच्या तरी पोरीचं स्थळ या विषयांना हात घालतात. परत येईपर्यंत आपल्याला लेकरं आहेत हे त्यांच्या ध्यानातही राहत नाही.

मामा नेमके कुणाचे, हे विचारण्यात अर्थ नाही. मुळात ते लेकरांच्या आईचे मामा. पण त्यांना आईही मामा म्हणते, बापही म्हणतो, लेकरंही म्हणतात आणि चहाच्या टपरीवाला दुसऱ्या खेपेला म्हणायला लागतो. जालन्यात एक मामा चौक आहे. त्या चौकाचा आणि यांचा काडीचा संबंध नाही, पण लेकरांनी तसं विचारलं तर मामा "जाऊ द्या आता ते" एवढंच म्हणतात. असा एक मामा घराण्याघराण्यात असतो. कुठं तो काका असतो, कुठं बिनलग्नाची आत्या. एका घरी तर शेजारीच आहे. राजूरच्या गणपतीला, अंबडच्या मत्स्योदरीला, शिर्डीला, नाहीतर लग्नाला, कुठंही जायचं असो, त्याच्याशिवाय गाडी हलत नाही. हललीच तर दहा किलोमीटरवर पहिला गालगुच्चा, पंधरावर पहिलं भोकाड आणि विसाव्या किलोमीटरला आईबापाचं आपसांत भांडण, हे ठरलेलं.

आमच्या मामांची सगळी नोकरी बियाण्याच्या कंपनीत, तीही फील्डवर गेली. यात नवल नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको काढली, त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि मधल्या काळात जालना हे बियाण्यांचं गाव होऊन बसलं. इथं कुणाचा जावई काय करतो विचारलं, तर "सीडमध्ये आहे" हे उत्तर पुरतं. मामा सीडमध्ये होते म्हणजे मोटारसायकलवर होते. मंठ्यापासून जाफराबादपर्यंत प्लॉट बघत ते आयुष्यभर हिंडले. त्यामुळं आठही तालुक्यांतला कोणता रस्ता कुठं वळतो, कोणत्या वळणावर कुणाची विहीर आहे आणि त्या विहिरीवर कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यांना पाठ. माणूस निवृत्त झाला. रस्ते डोक्यात तसेच राहिले. त्यांचं गिऱ्हाईक मग लेकरं झाली.

जालना ते छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. नागेवाडीचा टोलनाका गावाबाहेर पडल्या पडल्या येतो, आणि तिथंच पहिला प्रश्न येतो, "आलं का?" या प्रश्नाला जगभरातले आईबाप दोनच उत्तरं देतात. एक "नाही", दुसरं "पाच मिनिटं". पहिल्यानं लेकरू रडतं. दुसऱ्यानं त्याला खोटं कसं बोलायचं ते कळतं. मामा म्हणतात, "आलं ना. काय आलं ते तू सांग." लेकरू बाहेर बघतं. "टोलनाका आला." "मग? आलंच की." पुढं पाण्याची टाकी येते, म्हसरं येतात, सळया लादलेला ट्रक येतो, लाल फडकं बांधलेली त्याची शेपटी येते. मामांचं म्हणणं असं, की आलं का विचारणाऱ्या लेकराला शिर्डी नको असते; काहीतरी यायला हवं असतं. शिर्डी ही मोठ्यांची अडचण आहे.

खिडकीची वाटणी हा मामांच्या राज्यातला सगळ्यात कडक कायदा. चार लेकरं, दोन खिडक्या. वाटणी गावागावानं. बदनापूरपर्यंत थोरला आणि धाकटी, बदनापूर ते करमाड मधले दोघं, करमाडपासून पुन्हा थोरला आणि धाकटी. घड्याळ लावून वाटणी केली असती तर भांडणं झाली असती, कारण घड्याळ मामांच्या हातात. गाव कुणाच्याच हातात नाही. गावाची पाटी दिसली, की लेकरू न सांगता उठतं. तालुक्यातल्या बांधाच्या भांडणांत हे तत्त्व कुणी वापरत नाही, ही वेगळी गोष्ट.

बदनापूर आलं, की मामांना जोर चढतो. तिथं कृषी संशोधन केंद्र आहे आणि तिथल्या तुरीच्या वाणांची नावं गावावरून असतात, बीडीएन ७११, बीडीएन ७१६. मामांनी लेकरांना सांगितलं, "इथं तुरीला नाव ठेवतात." लगेच धाकटी म्हणाली, "मला ठेवा." झालं. त्या दिवसापासून प्रत्येक लेकराचा वाण ठरला आणि त्याची गुणवैशिष्ट्यं मामा बियाण्याच्या पिशवीवर छापल्याच्या थाटात, एका दमात सांगतात. "जेएलएन ३. लवकर तयार होणारा. पाणी कमी लागतं, बिस्किट जास्त. आवाज मोठा. दुपारनंतर मान टाकतो." जेएलएन ३ खूश. मग लेकरं मोठ्यांचे वाण मागतात, आणि मागच्या सीटवरून पुढच्या सीटचं वर्णन सुरू होतं. काकांचा वाण "उंच वाढणारा, शेंगा कमी" असा निघाला, तेव्हा काकांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं होतं.

तूर झाली, की गाड्यांच्या नंबरपाट्या. एमएच २१ आपली, तिला गुण नाही, "घरचं कोण मोजतं?" २० म्हणजे संभाजीनगर, तिला एक. २८ बुलढाणा, २२ परभणी, २३ बीड, यांना दोन दोन. ३८ हिंगोली दिसली तर पाच, आणि मागची अख्खी सीट टाळ्या वाजवते. हिंगोलीच्या त्या बिचाऱ्या माणसाला आपलं काय चुकलं कळत नाही. सातचा पाढा न येणारा आमचा थोरला महाराष्ट्राचे जिल्हे आकड्यांवरून घडाघडा सांगतो. शाळेत बाईंनी त्याला परभणीची राजधानी, म्हणजे मुख्यालय कुठलं ते विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बावीस." २०२१ पासून नवीन बीएचच्या पाट्या दिसायला लागल्या आणि एकदा प्रश्न आला, "मामा, बीएच कोणता जिल्हा?" मामा क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "बदलीचा." आणि ते बरोबरच होतं.

मामा गोष्टीही सांगतात, पण तिथं जरा जपून. गोष्ट खरी असते. परिणाम भलतेच होतात. घनसावंगीकडं एका लग्नाला चाललो होतो. वाटेत जांब समर्थचा फाटा. मामांनी लेकरांना सांगितलं, की १६०८ साली इथं नारायण नावाचं पोर जन्मलं, पुढं तेच रामदास स्वामी झाले. त्यांचं लहानपणी लग्न लावायला घेतलं. भटजी म्हणाले "सावधान", आणि हे पोर खरंच सावध होऊन मंडपातून जे पळालं, ते थेट नाशिककडं. लेकरं एकदम गप्प. हे गप्प राहणं चांगलं नव्हतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. मंडपात मंगलाष्टकं सुरू झाली, "सावधान" ऐकू आलं आणि बघतो तर चारही लेकरं मंडपाच्या दाराशी हात पसरून उभी. नवरदेवाचा मामा विचारतो, "काय रे, काय करायले इथं?" धाकटी म्हणाली, "तुमचा नवरदेव पळायला नको." नवरीकडच्या एका आजीबाईंनी तिला जवळ घेऊन हातात दहाची नोट ठेवली. नवरदेवाकडचे मात्र जेवताना आमच्या पंगतीला वाढायला आले नाहीत.

पिशवीत काय असतं हे सांगितल्याशिवाय मामा पुरे होत नाहीत. मोसंबी तर असतेच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि मामा ती मानानंच सोलतात: अंगठ्याच्या नखानं देठाशी एक भोक, आणि तिथून साल न तुटता एका लांब पट्टीत उतरवायची. पट्टी तुटली तर ती मोसंबी मोठ्यांना, न तुटता निघाली तर लेकरांना. चार पोरं श्वास रोखून एका सालीकडं बघत बसतात. पुढं बसलेली आई मान वळवून म्हणते, "आज लेकरं किती शहाण्यासारखी बसलीत."

पण पिशवीतली खरी चीज म्हणजे रेशमाचा कोष. जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे. तिथल्या कुणा ओळखीच्याकडून मामा चार कोष आणतात, लेकरागणिक एक. शेंगेएवढा पांढरा कोष. कानाशी धरून हलवला, की आत काहीतरी खुळखुळतं. "काय आहे आत?" "घरमालक." मग मामा सांगतात, की हे अख्खं घर एकाच धाग्याचं आहे आणि तो धागा उलगडला तर साधारण एक किलोमीटर भरेल. थोरला म्हणाला, "म्हणजे टोलनाक्यापासून कुठपर्यंत?" मामांनी पुढचा दगड दाखवला. आता प्रत्येकाला धागा काढायचाच होता. कोष गरम पाण्यात शिजवल्याशिवाय त्याचं टोक सुटत नाही. हे मामांना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं नाही. लेकरं नखांनी वरचा कापूस उकरत राहिली. करमाड गेलं, शेंद्र्याचे कारखाने गेले, चिकलठाणा आलं. कुणी मान वर केली नाही. त्या दिवशी खिडक्या रिकाम्या होत्या आणि काकांनी एक खिडकी बळकावली.

दरवेळी असं सुरळीत होत नाही. लेकरांना गाडी लागते. मामांचं शास्त्र याबाबतीत पक्कं आहे आणि डॉक्टर सांगतात त्याच्याशी ते बरंचसं जुळतंही. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला गाडी सहसा लागत नाही. दोन ते बारा हे तिचं खरं वय. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी व्यवस्था असते ती सांगते, की गाडी हलतेय. डोळे पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये घातलेले असले तर ते सांगतात, काही हलत नाही. दोघांच्या भांडणात पोट मध्ये पडतं. म्हणून मामा गाडी लागणाऱ्या लेकराला मधल्या सीटवर पाठवतात, समोरचा रस्ता बघायला लावतात, काच बोटभर खाली आणि हातात लिंबू. निघताना दूध पाजायचं नाही, हाही त्यांचा नियम. चार मुरमुरे चालतील. हा नियम आजपर्यंत कुठल्याही आजीनं पाळलेला नाही. "उपाशी काहून न्यायचं लेकरू?" म्हणत ती पेलाभर दूध पाजते, वर साय. मामा काही बोलत नाहीत. ते फक्त करमाडच्या अलीकडं पिशवीतून पिशवी काढतात, फुंकर मारून उघडतात आणि मांडीवर धरून ठेवतात. आजतागायत पिशवी वाया गेलेली नाही.

मोबाइलविषयी त्यांचं मत विचारायला नको. पण ते भाषण देत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पुण्याचा भाचा पहिल्यांदा टॅब घेऊन आला, तेव्हा त्याच्या पोरानं तो मांडीवर ठेवून कार्टून लावलं. मामांनी "छान आहे" म्हणून मान डोलावली, आणि पिशवी उघडून मांडीवर धरली.

त्या पुण्याच्या सूनबाईंशी मात्र मामांचा खरा सामना झाला, आणि माझ्या मते तो मामा हरले ते बरंच झालं. दिवाळीत सूनबाई आपल्या गाडीनं आल्या. गाडीत लेकराची वेगळी खुर्ची, तिला पाच पट्टे. मामांनी ती खुर्ची दोन्ही बाजूंनी बघितली. म्हणाले, "लेकरू काय पोतं आहे का, बांधायला?" आमच्याकडं लेकरू पुढच्या सीटवर बापाशेजारी, आईच्या मांडीवर, काचेला नाक लावून बसतं, इतकी वर्षं असंच चाललेलं. सूनबाईंनी शांतपणे सांगितलं, "मामा, ब्रेक मारला की गाडी थांबते. लेकरू थांबत नाही." मामा सीडमधले. एका वाक्यात मुद्दा सांगणाऱ्या माणसाचा त्यांना आदर. ते गप्प झाले. मग सूनबाईंनी कायदाही सांगितला: २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं लेकरू पट्ट्याविना किंवा त्याच्या खास आसनाविना गाडीत दिसलं, तर १,००० रुपये दंड. आणि पुढं एअरबॅग उघडली तर मांडीवरच्या लेकराचं काय होईल, तेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून आजींनी कानावर हात ठेवले.

मग पट्टे मोजले गेले. सात पट्टे. माणसं, लेकरं धरून, अकरा. घराण्याच्या इतिहासात लेकरं माणसांत मोजली गेली ती ही पहिली वेळ. चौघांनी खाली उतरायचं ठरलं. कुणीतरी हळूच मामांचं नाव घेतलं, तर लेकरांनी गाडीच्या टपावर चढून बसायची धमकी दिली. शेवटी आत्या, काका आणि आणखी दोघं राजूरला एसटीनं गेले, आमच्या आधी पोचले, त्यांचं दर्शनही आधी झालं आणि काकांनी ते वर्षभर सांगितलं.

पराभव पचवून मामांनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. पुढच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, की चिकलठाण्याच्या विमानतळावरून जे विमान उडतं, त्याचा पायलटही असाच बांधलेला असतो; पट्टा नसला तर त्याला विमान देत नाहीत. आता लेकरं गाडीत शिरली, की आधी पट्टा ओढतात आणि "तयार!" म्हणतात. मामा एकेकाचा पट्टा ओढून बघतात आणि मग म्हणतात, "पाहुणे, सोडा विमान." जावयाला आमच्याकडं पाहुणे म्हणतात. पाहुण्यांनी स्वतः पट्टा लावला नसेल तर विमान सुटत नाही. मागून चार जण ओरडतात.

इतकं सगळं ज्याच्या हाताशी होतं, त्या माणसाला शेवटी समृद्धी महामार्गानं गाठलं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. जालना आणि बदनापूर तालुक्यांतूनच रस्ता गेलेला, सगळ्यांना आनंद. पाहुणे म्हणाले, "शिर्डी आता हाकेवर." मामाही हसले. पण गाडी वर चढली आणि मामा बाहेर बघून गोंधळले. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, बैलगाडीचा प्रश्नच नाही. म्हसरू नाही, टाकी नाही, पेरूवाला नाही. गावाची पाटी येतच नाही, तर खिडकी कुणी आणि कधी सोडायची? "बदनापूर कुठं गेलं?" मामांनी विचारलं. पाहुणे अभिमानानं म्हणाले, "गेलं पण!" मागच्या सीटवर अशांतता पसरू लागली. किलोमीटरच्या दगडांवर वाटणी करून पाहिली, तर दगड इतक्या भराभर यायला लागले, की लेकरं बसता-उठता घामाघूम झाली. ज्या रस्त्यासाठी सरकारनं इतका खर्च केला, त्यानं एका माणसाचा धंदा तासाभरात बसवला. रस्ता जितका चांगला, तितकं लेकरू त्रास देतं, हे कुठल्याही अभियंत्यानं आराखड्यात धरलेलं नाही.

वाचवलं ते पाहुण्यांच्या नव्या गाडीनं. जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांत ताशी ८० ओलांडलं, की अधूनमधून टिंग वाजतं, आणि १२० ओलांडलं की सारखं. समृद्धीवर छोट्या गाड्यांना १२० ची मर्यादा, म्हणजे ८० च्या वर सगळेच. पहिलं टिंग वाजलं आणि मामांचे कान टवकारले. "ऐकलं का रे? पाहुण्यांकडून एक रुपया." वैजापूर येईस्तोवर पाहुणे बरंच देणं लागत होते. त्यांनी गाडी ऐंशीच्या खाली आणली, तर लेकरं मागून "पळवा, पळवा" करायला लागली. मामांनी लगेच कायदा दुरुस्त केला: टिंगला एक रुपया, सारखं वाजलं तर पाहुणे पुढच्या वेळी तिसऱ्या सीटवर. त्या दिवसापासून ते १२० च्या वर कधी गेले नाहीत. इतका परिणाम त्या महामार्गावरच्या कॅमेऱ्यांचाही झाला नसेल.

५ जून २०२५ ला उरलेला तुकडाही खुला झाला, पूर्ण ७०१ किलोमीटर. आम्ही त्या रस्त्यानं मुंबईकडं निघालो. इगतपुरीजवळ आठ किलोमीटरच्या आसपास लांबीचा बोगदा आहे, हे मामांनी पेपरात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. रेल्वेनं मुंबईला जाताना कसाऱ्याच्या घाटात बोगदे लागतात आणि बोगदा लागला की तो संपेपर्यंत ओरडायचं, हा मामांनीच लावून दिलेला रिवाज. रेल्वेचा बोगदा दोन श्वासांत संपतो. गाडी आत शिरली आणि लेकरांनी सूर लावला. एक मिनिट झालं. दुसरं झालं. दिवे मागं पळतायत, बोगदा संपत नाही. लेकरांचे घसे बसायला लागले, पण नियम म्हणजे नियम. मामांनी पाळ्या लावल्या, दोघांनी ओरडायचं, दोघांनी दम घ्यायचा. मधूनच गाडीचं टिंग. पाहुण्यांचे कान लाल. आत्याबाईंनी जप सुरू केला. पाचेक मिनिटांनी उजेड आला, तेव्हा पुढच्या सीटवरची माणसं मोठ्या आजारातून उठल्यासारखी दिसत होती.

येताना पाहुण्यांनी आधीच हात जोडले. मामा म्हणाले, "आता मौन. बोगदा संपेपर्यंत गाडीत जो बोलेल तो हरला. मोठे धरून." गाडी शिरली. लेकरांनी तोंडावर हात ठेवले, डोळे विस्फारले, एकमेकांना कोपरं मारली, पण एक अक्षर नाही. अर्धं मिनिट गेलं असेल. पुढून लेकरांची आई म्हणाली, "अहो, गॅस बंद केला होता ना?" काका म्हणाले, "मी तरी कधीचा म्हणतोय." आत्याबाई म्हणाल्या, "बोलू नका रे, हराल." तिघंही बाद. लेकरं बोगदा संपेपर्यंत गप्प होती.

हे बघितल्यापासून माझं मत असं झालंय, की लेकरांना गाडीत गुंतवून ठेवावं लागतं ही अर्धीच गोष्ट आहे. लेकराला पाटी दिली, टाकी दिली, साल दिली, की ते तासभर पुरवतं. दम धरवत नाही तो पुढच्या सीटवर.

आता दिवाळी येईल, लग्नसराई येईल, तुमच्याही घरात माणसं मोजायला घेतील. असा मामा तुमच्याकडं असेल तर त्याला आदल्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी सांगा. कोष मिळवायला वेळ लागतो. लेकरांना पट्टे लावा. आणि एक करा, त्याला तिसऱ्या सीटवर कोंबू नका. मधल्या रांगेत, खिडकीपाशी, समोरचा रस्ता दिसेल अशी जागा द्या. आमच्या मामांच्या खिशातलं लिंबू लेकरांसाठी असतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. लेकरांचं लिंबू पिशवीत असतं. खिशातलं त्यांचं स्वतःचं. त्यांना पहिल्यापासून गाडी लागते.